छोटं टर्बो की मोठं शांत इंजिन? पेट्रोल गाडी ठरवण्याआधी करायच्या तपासण्या

गाडी पसंत पडते, रंग ठरतो, आणि मग इंजिनापाशी घोडं अडतं. एकीकडे एक किंवा दीड लिटरचं टर्बो (हवा दाबून आत भरणारं), दुसरीकडे दोन-अडीच लिटरचं बिनटर्बोचं. कागदावर टर्बो बहुतेक वेळा सरस दिसतं. विक्रेता आकडे दाखवतो, मित्र म्हणतात पिकअप जबरदस्त आहे, आणि घरातलं एखादं माणूस म्हणतं, “जुनं ते बरं, नसती भानगड नको.”

दोन्ही प्रकारच्या गाड्या मी बरीच वर्षं चालवल्या आहेत. त्यावरून माझं एक मत पक्कं झालंय. ‘कुठल्या इंजिनात ताकद जास्त’ हे विचारून फारसं काही हाती लागत नाही. दिवसातला बहुतेक वेळ तुमचं इंजिन किती आरपीएमवर (मिनिटाला किती फेरे) फिरतं आणि किती ओझं ओढतं, हे आधी बघायला हवं. ते कळलं की निम्मा निर्णय झाला.

आजच्या बहुतेक सगळ्या डिझेल गाड्या टर्बोच असतात, त्यामुळे हा पेच पेट्रोलवाल्यांचा आहे. आणि सोयीसाठी बिनटर्बोच्या इंजिनाला मी पुढे ‘साधं इंजिन’ म्हणतो. साधं म्हणजे मागास नव्हे, हे पुढे दिसेलच.

पहिलं काम: दोन आठवड्यांची वही

शोरूमला जाण्याआधी सध्याच्या गाडीत एक छोटी वही ठेवा. दोन आठवडे रोज चार ओळी लिहा. थंड इंजिनावर निघून दहा मिनिटांच्या आत संपलेल्या फेऱ्या किती? गाडीत माणसं किती होती? चढ किती लागला? ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबायची वेळ किती वेळा आली? आरपीएमचा काटा असेल तर तो साधारण कुठे रेंगाळतो, तेही टिपा.

ही वही भरताना लोकांना धक्का बसतो. ‘मी बहुतेक हायवेवरच असतो’ म्हणणाऱ्या माणसाच्या वहीत चौदापैकी अकरा दिवस सिग्नल आणि पार्किंगच निघतं. मीही त्यातलाच होतो.

शेवटच्या पानावर एकच आकडा लिहा: ही गाडी किती वर्षं ठेवणार. चार की बारा? त्याच्याकडे आपण नंतर येऊ.

दुसरं काम: माहितीपत्रकातले आकडे नीट वाचा

माहितीपत्रकात सगळ्यात मोठ्या अक्षरात अश्वशक्ती असते. पण ती ज्या आरपीएमला मिळते, तिथे तुम्ही महिन्यातून एखाद्या वेळी जाता. त्यापेक्षा टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, किती आणि तो कुठपासून कुठपर्यंत मिळतो, ते बघा.

एक खरं उदाहरण घेऊ. २०१६ साली अमेरिकेत होंडा सिव्हिक दोन इंजिनांत मिळत होती. दोन लिटरच्या साध्या इंजिनात १५८ अश्वशक्ती, दीड लिटरच्या टर्बोत १७४. फरक सोळाचा, म्हणजे फार मोठा नाही. पण साध्या इंजिनाचा कमाल टॉर्क सुमारे १८७ न्यूटन-मीटर आणि तो ४२०० आरपीएमला. टर्बोचा सुमारे २२० आणि तो साधारण १७०० पासून ५५०० पर्यंत सपाट. खरा फरक या सपाटीत आहे.

आता कॅल्क्युलेटर काढा. टॉर्कला आरपीएमनं गुणायचं आणि ९५४९ नं भागायचं की त्या क्षणी मिळणारी शक्ती किलोवॅटमध्ये येते. टर्बोचं गणित २००० आरपीएमला २२० × २००० ÷ ९५४९, म्हणजे ४६ किलोवॅट. साध्या इंजिनाचा टॉर्क त्याच जागी कमी असतो. अंदाजासाठी १६० धरला तर ३३ किलोवॅट. तेवढेच ४६ हवे असतील, तर साध्या इंजिनाला २६०० च्या आसपास जावं लागेल.

फक्त सहाशे आरपीएम! ‘टर्बो किती तरी जास्त ताकदवान वाटतं’ या अनुभवात बहुतेक वेळा एवढंच असतं. साधं इंजिनही तिथे पोचतं; त्याला एक गिअर खाली यावं लागतं आणि थोडा आवाज करावा लागतो. चांगला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असेल तर हे काम तो करतो, तुम्हाला कळतही नाही. मॅन्युअल असेल आणि गिअर बदलायचा कंटाळा असेल, तर मात्र गाडी ‘मेंगळट’ वाटणार.

चढाचंही करून बघू. माणसांसकट १५०० किलोची गाडी ६ टक्के चढावर ताशी ८० किलोमीटरनं न्यायची, तर निव्वळ चढासाठी जवळपास २० किलोवॅट लागतात. हवेचा आणि टायरचा विरोध धरून एकूण ३० च्या घरात. २००० आरपीएमला याचा अर्थ १४३ न्यूटन-मीटर, वर गिअरबॉक्समधली गळती. टर्बो हे वरच्या गिअरमध्ये निवांत ओढतं. साध्या इंजिनाची तिथे दमछाक होते, पण ३००० ला आणलं तर त्याला जेमतेम शंभर न्यूटन-मीटर पुरतात. तुमचा रोजचा रस्ता असा असेल तर टर्बोच्या पारड्यात एक वजन टाका. वर्षातून दोनदाच असा चढ लागत असेल, तर टाकू नका.

उंचीचा मुद्दा वेगळा आहे. समुद्रसपाटीपासून २००० मीटरवर हवेचा दाब सुमारे एक पंचमांश कमी होतो, आणि साध्या इंजिनाची ताकदही साधारण त्याच प्रमाणात घटते. टर्बो हवा दाबूनच आत भरतं, त्यामुळे ही तूट ते बरीचशी भरून काढतं. तुम्ही डोंगराळ भागात राहत असाल, तर पुढचं निम्मं वाचण्याची गरज नाही; टर्बो घ्या.

टर्बोची किंमत इंजिन कुठे मोजतं

धुराच्या नळीतून वाया जाणाऱ्या गरम वायूवर एक चक्र फिरवायचं आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्रानं ताजी हवा दाबून इंजिनात भरायची, ही कल्पना जुनी आहे. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्यानं तिचं पेटंट १९०५ साली घेतलं. अडचण अशी की हवा दाबली की तापते, आणि तापलेलं मिश्रण ठिणगीनं पेटलेली ज्वाला पोचण्याची वाट बघत नाही. ते आपोआप, नको तेव्हा भडकतं. यालाच नॉकिंग म्हणतात.

१९६२ सालच्या ओल्ड्समोबिल जेटफायरची गोष्ट यासाठीच मला आवडते. टर्बो घेऊन बाजारात आलेल्या अगदी पहिल्या मोटारींपैकी ती एक. नॉकिंग टाळण्यासाठी तिच्यात पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण फवारलं जायचं आणि त्याची टाकी मालकानं वेळोवेळी भरायची असायची. मालक अर्थातच विसरायचे. टाकी रिकामी झाली की गाडी स्वतःहून टर्बोचा दाब कमी करायची आणि लोक म्हणायचे, गाडीत दम नाही. दोन वर्षांत ते इंजिन बंद झालं.

आज ती टाकी गेली. तिच्या जागी दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर, पेट्रोल सरळ सिलिंडरमध्ये सोडणारं थेट इंजेक्शन आणि संगणक आले. पण मूळ तडजोड तीच आहे. त्या सिव्हिकच्या टर्बोचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट आवळलं जातं ते प्रमाण, १०.६ ला १ होतं, तर माझ्दाची साधी स्कायॲक्टिव्ह इंजिनं १३ किंवा १४ ला १ वर चालतात. जास्त कॉम्प्रेशन म्हणजे प्रत्येक थेंबातून जास्त काम. म्हणूनच साध्या इंजिनाला मागास म्हणायला मी तयार नाही.

यातून एक लगेच करण्यासारखी तपासणी निघते. टाकीच्या झाकणाच्या आत आणि मॅन्युअलमध्ये किती ऑक्टेनचं (नॉकिंग टाळण्याच्या क्षमतेचा आकडा) पेट्रोल लिहिलंय ते बघा, आणि शब्द नीट वाचा. ‘शिफारस’ असेल तर साध्या पेट्रोलवर गाडी चालेल, संगणक ठिणगी थोडी उशिरा पाडेल आणि पिकअप जरा कमी होईल. ‘आवश्यक’ असेल तर महागडं पेट्रोल कायमचं तुमच्या खर्चात धरा.

ॲव्हरेज: दोघांचंही खरं, दोघांचंही खोटं

हलक्या पायानं चालवताना छोटं इंजिन खरोखरच कमी पितं. मोठं इंजिन सावकाश चालवताना त्याचा थ्रॉटल, म्हणजे हवा आत घेणारी झडप, जवळपास मिटलेला असतो, आणि अरुंद फटीतून हवा ओढण्यातच त्याची शक्ती जाते. छोट्या इंजिनाला तेवढ्याच कामासाठी थ्रॉटल जास्त उघडावा लागतो, म्हणून ही नासाडी कमी. सपाट रस्त्यावर ताशी १०० ला मध्यम आकाराच्या गाडीला पंधरा-वीस किलोवॅट पुरतात. तिथे छोटं इंजिन खुशीत असतं.

पाय जड झाला की चित्र उलटतं. बरीच टर्बो इंजिनं पूर्ण दाबाखाली आतली उष्णता आवरायला गरजेपेक्षा जास्त पेट्रोल सोडतात. युरोपातली जुनी एनईडीसी चाचणी सरासरी ताशी ३४ किलोमीटरची, अगदी मवाळ होती, त्यामुळे छोट्या टर्बोंचे आकडे तिथे फार गोंडस दिसायचे. सप्टेंबर २०१७ पासून जास्त कडक डब्ल्यूएलटीपी आली. त्याच सुमारास फोक्सवॅगननं गोल्फमध्ये १.४ लिटरच्या टर्बोऐवजी १.५ चं आणलं. इंजिनं लहानच होत जातील, हा समज तिथून ढिला पडला.

आणि ती सिव्हिक? अमेरिकी सरकारी चाचणीत सीव्हीटी या ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससह दोन्ही इंजिनांचा एकत्रित आकडा सारखाच होता: गॅलनला ३५ मैल, म्हणजे लिटरला सुमारे १४.९ किलोमीटर. ॲव्हरेजसाठी टर्बो घेतोय म्हणणाऱ्याला मी हे उदाहरण सांगतो. वहीत ‘पाय तळापर्यंत’च्या नोंदी भरपूर असतील, तर ॲव्हरेजच्या नावाखाली टर्बो घेऊ नका. पिकअपसाठी घ्या, तसं म्हणायला हरकत नाही.

थरथर

छोटं टर्बो बरेचदा तीन सिलिंडरचं असतं, मोठं साधं चारचं, क्वचित सहाचं. तीन सिलिंडरमध्ये स्फोट दर २४० अंशांनी होतो, चारमध्ये १८०, सहामध्ये १२०. गाडी उभी आणि इंजिन ७५० आरपीएमवर असेल, तर तीनमध्ये सेकंदाला सुमारे १९ ठोके पडतात, चारमध्ये २५, सहामध्ये ३७ च्या वर. ठोके जितके विरळ, तितके ते शरीराला वेगवेगळे जाणवतात. शिवाय तीन सिलिंडरचं इंजिन पुढून-मागून डुलतं. चार सिलिंडरचंही निर्दोष नाही, त्यात दुप्पट गतीची एक थरथर असते. रांगेतले सहा सिलिंडर मात्र स्वभावतःच तोललेले.

चांगले माउंटिंग आणि बॅलन्स शाफ्ट यातलं बरंच लपवतात. किती लपलंय, ते तुमच्या पाठीनंच ठरवायचं.

तिसरं काम: टेस्ट ड्राइव्ह

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. विक्रेत्याचा ठरलेला रस्ता सपाट, मोकळा आणि दहा मिनिटांत संपणारा असतो. तुम्ही स्वतःचा रस्ता सांगा. दोन्ही गाड्या एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर, तेवढीच माणसं बसवून चालवा. एसी पूर्ण चालू ठेवा, स्पोर्ट मोड बंद.

गाडी आधी तापवून ठेवू नका, असं फोनवरच सांगा. थंड इंजिन चालू करा, हात स्टिअरिंगवर ठेवून एक मिनिट नुसतं बसा. मागच्या सीटवर बसलेल्यालाही विचारा. ऑटो स्टार्ट-स्टॉप असेल तर तो पाच-सहा वेळा होऊ द्या. पुन्हा चालू होतानाचा हिसका तीन सिलिंडरमध्ये जास्त जाणवतो.

मग रांगणारी वाहतूक शोधा. ॲक्सिलरेटर न दाबता गाडी किती सहज सरकते? दुसऱ्या गिअरमध्ये ताशी पंधराला असताना अर्धा पाय द्या. टर्बो लॅग इथेच पकडला जातो. खरं तर इथे दोन गोष्टी आहेत आणि लोक त्या एकच समजतात. ठरावीक आरपीएमखाली वायूच अपुरा असतो, म्हणून दाब तयारच होत नाही; ही झाली एक. आरपीएम पुरेसे असूनही चक्राला वेग घ्यायला क्षणभर लागतो. हा खरा लॅग. पहिल्यावर गिअर उतरवणं हा उपाय आहे, दुसऱ्यावर तुमच्याकडे उपाय नाही, सवय करून घ्यावी लागते.

पुढची परीक्षा छेदरस्त्याची. ताशी वीसनं सरकत मुख्य रस्त्यावर शिरायचंय, मोकळी जागा दिसली, पाय दाबला. गाडी निघेपर्यंत मनात आकडे मोजा. ‘एक’ म्हणून होण्याआत निघाली तर उत्तम. ‘दोन’पर्यंत गेली तर रोज सकाळी असा चौक ओलांडताना काय होईल, याचा विचार करा.

ओव्हरटेक मोजायला शेजाऱ्याच्या हातात घड्याळ द्या. सुरक्षित, मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० ते १००, एकदा गिअर न बदलता आणि एकदा बदलून. इथे एक चलाखी लक्षात ठेवा: काही गाड्यांचं पेडल असं बसवलेलं असतं की पहिल्या इंचभरातच बरीचशी ताकद मिळते. गाडी तरतरीत भासते, पण पुढे शिल्लक काही नसतं. म्हणून एकदा तरी तळापर्यंत दाबून बघाच.

शेवटी दहा मिनिटं एका स्थिर वेगानं जा. काहीही करू नका, गप्पा मारा. आवाज चढवून बोलावं लागलं का? मोठ्या इंजिनाची शांतता तीस सेकंदांत कळत नाही. ती दोन तासांच्या प्रवासानंतर न दुखलेल्या डोक्यात कळते.

गिअरबॉक्सबद्दल एवढंच सांगतो की इंजिन चांगलं आणि गिअरबॉक्स गोंधळलेला असेल तर दोष इंजिनावर येतो. ड्युअल क्लच (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) आणि लॅगवालं छोटं टर्बो ही जोडी रांगत्या वाहतुकीत मला तरी कधीच रुचली नाही.

चौथं काम: किती वर्षं ठेवणार, तो आकडा काढा

चार-पाच वर्षांत गाडी बदलणार असाल आणि वॉरंटीत राहणार असाल, तर टर्बोची भीती बाळगू नका. बारा वर्षांचा बेत असेल, तर हिशेब वेगळा. लहान टर्बोचं चक्र मिनिटाला दोन लाखांहून जास्त वेळा फिरू शकतं, पेट्रोल इंजिनाच्या धुराचं तापमान नऊशे अंश सेल्सिअसच्या वर जातं, आणि या सगळ्याला ऑइलचा पातळसा थर सांभाळतो. शिवाय इंटरकूलर, त्याचे पाइप, टर्बोचा दाब आवरणारं वेस्टगेट, जास्तीचे सेन्सर. साध्या इंजिनात यातलं काहीच नाही, म्हणून बिघडतही नाही.

टर्बो घेतलंच तर तीन सवयी लावून घ्या. ऑइल वेळेवर, आणि मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या दर्जाचंच. छोट्या टर्बोंत कमी आरपीएमला जोर लावला की मिश्रण ठिणगीआधीच पेटण्याचा एक घातक प्रकार होतो. तो रोखण्यासाठी ऑइलचे नवे दर्जे आले, एपीआय एसपी हा त्यातला २०२० चा. दुसरी सवय त्याला जोडूनच: वरच्या गिअरमध्ये पंधराशेच्या खाली पाय तळापर्यंत दाबू नका, आधी गिअर उतरवा. तिसरी: लांब चढ किंवा वेगवान प्रवास संपवताना शेवटची दोन मिनिटं हळू चालवा, लगेच किल्ली फिरवू नका.

वहीत दहा मिनिटांच्या थंड फेऱ्याच जास्त निघाल्या असतील, तर थेट इंजेक्शनचं छोटं टर्बो तुमच्यासाठी नाही, असं मी स्पष्ट सांगेन. इंजिन तापतच नाही, न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं, हवामान थंड असेल तर आणखीच. डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसली आणि पेट्रोलचा वास आला, तर ऑइल तारखेची वाट न बघता बदला. इनटेक वाल्ववर काजळी जमणं हा थेट इंजेक्शनचा दोष आहे, टर्बोचा नव्हे. साध्या इंजिनातही ते असू शकतं, म्हणून इंजेक्शन कुठलं तेही विचारा.

अशा माणसासाठी तिसरी वाट आहे. बऱ्याच हायब्रिडमध्ये साधं इंजिन आणि इलेक्ट्रिक मोटर असते. खालच्या आरपीएमला साध्या इंजिनाची जी कमतरता, नेमकी तिथेच मोटर टॉर्क देते, तोही शून्यापासून. टोयोटाचं अडीच लिटरचं हायब्रिड इंजिन पेट्रोलमधल्या ऊर्जेपैकी ४१ टक्क्यांपर्यंत कामी लावतं.

वापरलेली गाडी असेल तर

ऑइल बदलल्याच्या नोंदी नाहीत, तर टर्बो घेऊ नका. गाडी कितीही चकचकीत असो. नोंदी असतील तर थंड इंजिन स्वतः चालू करा, टायमिंग चेनची खडखड ऐका, रेस देऊन सोडल्यावर निळसर धूर येतो का बघा. इनटेकच्या पाइपात ऑइलचा हलका थर चालतो, थारोळं चालत नाही. काही छोट्या इंजिनांत टायमिंग बेल्ट ऑइलमध्येच फिरतो. तो कधी बदलला हे विचारल्याशिवाय पुढे बोलू नका.

इतकं सगळं करूनही दोन्ही सारख्याच वाटल्या, तर गाडी जास्त कोण चालवणार ते ठरवा आणि किल्ली त्यांच्या हातात द्या. तुम्ही शेजारी बसा, काही बोलू नका, आरपीएमच्या काट्याकडे बघत राहा. काटा सारखा अडीच हजारांच्या खाली राहिला आणि गाडी तरीही रेटली जात असेल, तर टर्बो. गरज पडली की तो बिनधास्त चार हजारांवर जात असेल आणि चालवणाऱ्याला त्याची फिकीर नसेल, तर मोठ्या इंजिनाची बुकिंग करून या.